प्रोफेसर बोरगाव्यांचा डावा हात

मे महिन्याच्या सुट्टीत सुकुमारअण्णा बोरगावे निपाणीला आले, की सकाळी दारापुढच्या आडावर उघड्या अंगानं आंघोळीला बसायचे. त्या वेळी आडावर जेवढी माणसं असतील तेवढ्यांची नजर पहिल्यांदा जायची ती अण्णांच्या डाव्या हातावर. दंडापासून कोपराच्या खोलगट भागापर्यंत नुसत्या खुणाच खुणा. काही पावलीएवढ्या फिकट, काही टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या. उजवा हात मात्र चांगला गुळगुळीत. एखादा नवखा माणूस हटकायचाच.

"अण्णा, मुंबईत ढेकणं लई दिसत्यात? आणि एकाच अंगाला चावत्यात व्हय?"

अण्णा साबणाचा फेस तसाच ठेवून हात पुढं करायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "ढेकूण न्हवं बाबा. ह्यो माझा ससा हाय."

माणूस हसायचा, कारण हसण्यासारखंच होतं ते. पण अण्णा हसायचे नाहीत. तो हात ससा कसा झाला ते आता सांगतो, जरा मागं जाऊन.

अण्णा मुंबईच्या एका वैद्यकीय कॉलेजात प्रोफेसर होते. अंगात रोगाला अडवायची शक्ती येते कुठून, राहते किती दिवस आणि जाते कशी, हा त्यांचा विषय. निपाणीत त्याला सुटसुटीत शब्द नव्हता, म्हणून लोक त्यांना 'सुयांचे प्रोफेसर' म्हणायचे. आणि या विषयाचं मूळ मुंबईत नव्हतंच. ते निपाणीच्या माळावर होतं.

एकोणीसशे दोनचा प्लेग. सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलेलं. सरकारची माणसं सुया घेऊन आली तेव्हा अर्ध्या बायका पळाल्या. सुकुमारची आई तंबाखूच्या वखारीत पोत्यांच्या मागं जाऊन बसली ती दिवस मावळेपर्यंत बाहेर आलीच नाही. पण थोरली बहीण चंपाबाई पुढं झाली. तेवीस वर्षांची, सोळाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आलेली. आठ वर्षांच्या सुकुमारचा दंड धरून तिनं सुईवाल्याला सांगितलं, "आधी ह्याला, मग मला. आणि हातपाय झाडायला लागला तर मी धरतो, तुम्ही भिऊ नगासा."

बाराव्या दिवशी आई गेली. ही दोघं राहिली. त्या दिवसापासून सुकुमारच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली: त्या सुईतनं आपल्या अंगात असं काय गेलं, जे आईच्या अंगात नव्हतं?

पुढं चंपाक्काच त्याची आई झाली. ती बाई नियमांची फार पक्की. जैनांच्या घरात पाणी गाळून पितात, सगळेच पितात, पण चंपाक्काचं गाळणं बघत राहावं असं. दुहेरी फडकं, वर अलगद धार. आणि गाळून झालं, की फडक्याला लागलेले डोळ्याला न दिसणारे जीव थोड्या पाण्यानं एका तांब्यात उतरवायचे आणि ज्या आडातलं पाणी त्याच आडात परत सोडायचे. याला ती जिवाणी सोडणं म्हणायची. तेही वरनं ओतायचं नाही. दोरीनं तांब्या पाण्याला टेकवायचा आणि मग कलता करायचा. "वरनं वतलं तर पडून मरत्यात," ती म्हणायची. सुकुमारला वाटायचं, आक्काला बरं दिसतंय! मग मुंबईत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आडाच्या पाण्याचा थेंब बघितला, आणि त्यात वळवळणारी ती जत्रा बघून पठ्ठ्या भर वर्गात ओरडला, "आक्काचं खरं हाय की!" मास्तरांनी त्याला तासाभरासाठी बाहेर उभं केलं.

मुंबईला जाण्याआधी, एकोणीसशे तेरा साली, चंपाक्कानं त्याला बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, नेलं होतं. देवासमोर, उपाध्यांच्या साक्षीनं त्यानं दोन नियम घेतले. जाणूनबुजून जीव मारणार नाही, आणि खोटं बोलणार नाही. उपाध्यांनी वर समजावलं, "केलेलं, दुसऱ्याकडनं करवलेलं, आणि बरं झालं म्हटलेलं, तिन्हीचं पाप सारखंच बरं का."

डॉक्टरी शिकणाऱ्याला हे दोन नियम म्हणजे काय, हे पहिल्याच वर्षी कळलं. टेबलावर बेडूक आला. शेजारी गोव्याकडचा एक दोस्त होता, त्यानं तोड काढली. तो दोघांचे बेडूक कापणार, सुकुमार दोघांच्या आकृत्या काढणार. आकृत्या अशा सुंदर आल्या, की दोघांना शाबासकी मिळाली. सुकुमारनं मोठ्या खुशीत घरी कार्ड टाकलं. उलट टपाली चंपाक्काचं कार्ड आलं. त्यात क्षेम-कुशल काही नाही, मोडक्या अक्षरात एकच शब्द होता: 'करवलेलं.'

दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही. मग त्यानंच त्यातनं एक फट शोधून काढली. करायचं नाही, करवायचं नाही, नुसतं बघायचं. 'बघितलेलं' उपाध्यांच्या यादीत नव्हतं! त्या फटीतनं सुकुमार डॉक्टर झाला, पुढं शिकला, शिकवायला लागला, आणि एकोणीसशे अठ्ठावीस साली प्रोफेसर झाला. प्रयोगशाळेत ससे होते, पांढरे, लाल डोळ्यांचे. त्यांना टोचणारी, त्यांच्या कानातनं रक्त काढणारी माणसं वेगळी. त्या वेळी अण्णा खिडकीकडं तोंड करून उभे राहायचे आणि समुद्राकडं बघायचे. चंपाक्काला हे ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

शिकवण्यात मात्र अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा त्यांनी वर्गात निपाणीची वखार सांगितली. बाई पहिल्या दिवशी तंबाखू निवडायला बसते, तर शिंका, ओकाऱ्या, डोळ्यांतनं धारा. महिन्यानं तीच बाई त्याच धुरळ्यात बसून भाकरी खाते. "बोला, ही रोगप्रतिकारक शक्ती का?"

सगळा वर्ग म्हणाला, "होय सर!"

"नाही!" अण्णांनी टेबलावर थाप मारली. "ही नुसती सवय. वखार चार महिने सुटली तर पुन्हा शिंका. सवय विसरते. अंगाची ओळख मात्र वर्षानुवर्षं राहते. किती वर्षं? ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसेल तर नाही म्हणा, पोरांनो, आणि ठाऊक असून लपवू नका. विद्येत याच्याइतकी मोठी चोरी नाही."

हे शेवटचं वाक्य ते दर वर्षी सांगायचे. आणि तेच वाक्य एक दिवस त्यांच्या मानगुटीवर बसलं.

एकतीस सालचा मे. अण्णा कोल्हापूरच्या मोटारीतनं उतरून घरी आले, तर चंपाक्काच्या उजव्या मनगटाला हळदीची चिंधी.

"काय झालं गं आक्का?"

"काय न्हाय रं. बस्तीच्या कोपऱ्यावरचं तांबडं कुत्रं. दोन दिस भाकरी खाईना, तोंडातनं नुसती लाळ. म्हटलं, घसा सुकला असंल बिचाऱ्याचा. वाटीतनं पाणी पाजाय गेलतो, तर धरलं मनगाट."

"आता कुठाय ते?"

"मेलं की परवा."

अण्णांनी हातातली पिशवी खाली ठेवली नव्हती, ती तशीच राहिली. "ऊठ आक्का. बेळगावला जायाचं."

"आरं, आत्ता आलास न्हवं? पाणी तरी पी."

"वाटंत पिऊ."

बेळगावची मोटार संकेश्वरला थांबली. बाकीची माणसं चहाला उतरली. चंपाक्का बाहेरचं काही घेत नसे, ती जागेवरच बसून घरच्या गाळलेल्या पाण्याच्या तांब्याचं फडकं सोडत म्हणाली, "चौदा सुया म्हणतोस. काय असतं रं त्यात?"

"औषध असतं."

"कशाचं?"

"पिसाळण्यावरचं."

दोन्ही खरं होतं. तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला आणि अण्णा सुटले. पण सुटले ते चौदा दिवसांच्या कोंडवाड्यात जाऊन पडायला. कारण त्या सुईत काय असतं हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते कळलं तर चंपाक्का एकही सुई घेणार नाही हेही ठाऊक होतं. सुई घेतली नाही तर काय होतं, हे तर त्यांच्याइतकं त्या मोटारीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

बेळगावच्या शहापुरात ओळखीच्या एका विणकरी घरात वरची खोली मिळाली. खाली दिवसभर माग खटखटायचा. खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत. मुंबईत समुद्राकडं तोंड फिरवायची सोय होती. इथं तोंड फिरवलं की भिंत. रोज सकाळी दवाखाना, पोटात सुई, परत खोली, आणि मग उरलेला सगळा दिवस चंपाक्का समोर बसून साधे साधे प्रश्न विचारणार.

दुसऱ्या दिवशी: "ह्याला वास कसला येतोय?"

"कार्बोलिकचा. जंतू मरायला घालत्यात." खरं.

तिसऱ्या दिवशी: "पाणीबी असंल त्यात?"

"मिठाचं पाणी. उकळून घेतल्यालं." खरं.

पाचव्या दिवशी ती फडक्यातनं पाणी गाळता गाळता म्हणाली, "सुकुमार, औषध म्हंजे एक तर झाडाचं, न्हाय तर खाणीतलं. हे कंचं?"

अण्णांना जोराचा खोकला आला. तो खोकला मात्र खरा नव्हता. "मी जिवाणी सोडून येतो," म्हणून त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि आडाकडं उतरले. आडावर बराच वेळ उभे राहिले. तोंडातनं एक अक्षर खोटं गेलं नव्हतं, आणि तरी असं वाटत होतं, की रोज एक-एक वीट आपणच रचतोय आणि आत आपणच उभे आहोत.

आणि रोज दिवस मावळायच्या आत चंपाक्का पाण्याचा पेला तोंडाला लावायची, तेव्हा अण्णा तिच्या गळ्याकडं बघायचे. घोट उतरला? उतरला. दुसरा? उतरला. एकदा तिला ठसका लागला, तर प्रोफेसर ताडकन उभे राहिले आणि कपाळ वरच्या तुळईवर आपटलं.

"का रं, विंचू चावला?" चंपाक्का म्हणाली.

दवाखान्यात सुया देणारा कंपाउंडर मष्णू, गुंजीकडच्या गावचा. झुपकेदार मिशा आणि तोंड एक मिनिट बंद नाही. "आक्का, कालची सुई जास्ती दुखली का माझं बोलणं?" म्हणता म्हणता सुई देऊन मोकळा व्हायचा. अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "बाटलीतलं काय ते आक्कासमोर बोलायचं नाही." मष्णू म्हणाला होता, "सायेब, मी बोलणार न्हाय. पण तुमचं तोंड बघून आक्काला कळंल की वो!"

तसं झालं नाही. झालं ते वेगळंच.

नवव्या दिवशी दवाखान्यात तालुक्या-तालुक्यांतले देवी काढणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे, जमले होते. मोठ्या डॉक्टरांनी अण्णांना गळ घातली, "मुंबईचे प्रोफेसर आयते हाती आहेत, आमच्या माणसांना चार गोष्टी सांगा." नऊ दिवस गप्प बसलेला मास्तर. समोर तीस माणसं, मागं काळा फळा. अण्णा जे सुटले! चावडीत चोराचं वर्णन लिहून ठेवतात ना, तशी मेलेल्या जंतूची ओळख अंगाला आधीच करून द्यायची, म्हणजे खरा चोर आला की अंग त्याला उंबऱ्यातच धरतं. माणसं माना डोलवत होती. अण्णांचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला होता.

मारुतीराव नावाचे चिकोडीकडचे एक म्हातारे देवी काढणारे उठले. "साहेब, आमची देवीची लस वासराच्या अंगावरची, हे आम्हाला ठाऊक. ह्या कुत्र्याच्या बाटलीत ते पांढरं गढूळ काय असतं? लोक आम्हाला विचारतात, आम्ही काय सांगायचं?"

अण्णांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर दारात गेली. दारात चंपाक्का उभी होती. सुई घेऊन झाल्यावर ती खोलीवर गेली होती, आणि आता भावाला उशीर झाला म्हणून फडक्यात बांधलेलं जेवण घेऊन आली होती.

तीस माणसं उत्तराची वाट बघत होती. ही माणसं उद्या गावोगाव जाऊन हेच सांगणार. ठाऊक असून लपवू नका. अण्णांनी खडू खाली ठेवला.

"मेंढीचा मेंदू," ते म्हणाले. "पिसाळण्याचं विष मेंढीच्या मेंदूत वाढवतात. मग मेंढी मारून तो मेंदू कुटून, कार्बोलिकनं विष मारून, मिठाच्या पाण्यात कालवतात."

पुन्हा दाराकडं बघितलं तेव्हा उंबऱ्यावर फक्त जेवणाचं गाठोडं होतं.

खोलीवर चंपाक्का भिंतीकडं तोंड करून सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसली होती. अण्णा मागं बसून राहिले. तिनं डोळे उघडले ते घटकाभरानं.

"मी उद्यापासनं येणार न्हाय."

"आक्का, नऊ झाल्या, पाचच राहिल्यात. ती मेंढी काय आपल्यासाठी मारली न्हवती..."

"केल्यालं, करवल्यालं आणि बरं झालं म्हणल्यालं. उद्या मी पोट उघडं केलं, की ते तिसरं झालं. आज पतोर मला ठावं न्हवतं."

"मला ठावं हुतं. पाप मला लागू दे."

"तुला लागलंच की," चंपाक्का शांतपणे म्हणाली. "तू खोटं बोलला न्हाईस रं सुकुमार. पर खरंबी बोलला न्हाईस. नऊ दिस मला आंधळ्यावाणी धरून नेलंस."

त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत. खाली माग खटखटत होता. समोर हातभरावर भिंत होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत दोघं आली नाहीत, तेव्हा मष्णू स्वतःच शहापुरात येऊन थडकला. एकाचं तोंड इकडं, एकीचं तिकडं. सगळं ऐकून घेतलं आणि दारातच बसकण मारली.

"आक्का, माझा थोरला भाऊ रवळू असाच कुत्रं चावून गेला. सुई न्हवती आमच्या गावात. तिसऱ्या म्हयन्यात पाण्याचा तांब्या बघितला की वरडायचा. तहानंनं जीव जातोय आणि पाणी दावलं की आंग पिळवटायचं. खांबाला बांधलता आम्ही त्याला."

चंपाक्का पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. "बांधलता? कशापायी?"

"चावंल म्हणून. चावलं की दुसरंबी तसंच हुतंय न्हवं? आयेला वळखत न्हवता आक्का."

चंपाक्काचा चेहरा उतरला. मरणाला ती भीत नव्हती. तिला मरण म्हणजे सामायिकातनं न उठणं एवढंच वाटायचं. पण आपल्या हातनं, आपल्या दातांनी, कुणाचा तरी जीव जावा? ती भावाकडं वळली. "सुकुमार, हे खरं हाय? मला झालं तर मी चावीन? आणि त्या माणसालाबी हुईल?"

आता बघा. दार उघडं होतं. 'व्हय' म्हटलं, की आक्का उठणार, पाच सुया घेणार, जगणार. एक अक्षर. मष्णू तर मागनं डोळ्यांनी खुणा करून करून थकला. तिच्या मनगटावरच्या दातांच्या खुणा त्यांना समोर दिसत होत्या.

"न्हाय आक्का," अण्णा म्हणाले. "माणूस चावून माणसाला झाल्याचं मी बघितलं न्हाय, आणि खातरीनं लिवल्यालं वाचलंबी न्हाय. लोक भिऊन बांधत्यात. पाण्याचं मातर खरं हाय."

मष्णूनं कपाळावर हात मारला. "सायेब, तुम्ही प्रोफेसर कसं झालासा वो!"

चंपाक्का भावासमोर सरकून बसली. मग म्हणाली, "आता खरं बोललास. आता मागचंबी सांग. सगळं."

अण्णांनी सांगितलं. एका मेंढीत तीस-पस्तीस माणसांच्या सुया होतात. मुंबईतले ससे. त्यांचे कान. खिडकी. समुद्र. सांगता सांगता प्रोफेसर लहान पोरासारखे रडले, आणि मष्णू मिशा चोळत जिन्याकडं बघत बसला.

"पाणी सोडून मराय मला जमायचं न्हाय," चंपाक्का शेवटी म्हणाली. "मरतानं मला पाणी गाळाय आलं पायजे. पाच सुया घेतो. ते तिसरं पाप माझ्या माथ्यावर, मी त्याचं प्रायश्चित्त घीन. पर तू नियम घे. हितनं पुढं तुझ्या कामात एक जनावर येणार न्हाय. केल्यालं न्हाय, करवल्यालं न्हाय. आणि खिडकीकडं बघितल्यालंबी न्हाय! आणि जनावराबिगर हे औषध कसं करायचं, ते हुडक."

अण्णांना त्याच क्षणी कळलं, की हे होणारं नाही. ते विष जिवंत मेंदूशिवाय कुठं वाढत नव्हतं. जगात कुणालाच वाढवता येत नव्हतं. काढीन असं म्हणणं खोटं झालं असतं. ते म्हणाले, "हुडकीन. घावंल असं म्हणत न्हाय."

"हुडक तर."

पाच सुया झाल्या. तीन महिने गेले, वर्ष गेलं, चंपाक्का पाणी पीत राहिली. आणि अण्णा अडकले ते अडकलेच.

सशांशिवाय रोगप्रतिकार शिकवणारा प्रोफेसर म्हणजे बैलाशिवाय औत धरलेला गडी. त्यांचे वरिष्ठ साहेब म्हणाले, "मग संशोधन कशावर करणार?" अण्णांनी कोट काढला, डाव्या हाताची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. विषमज्वराची लस त्यांनी स्वतःच्या दंडात टोचून घेतली आणि दर आठवड्याला कोपरातनं स्वतःचं रक्त काढून काचेच्या नळ्यांत तपासायला लागले. मेलेल्या जंतूंच्या पाण्यात ते रक्त घातलं, की जंतू गोळा होऊन तळाला बसतात. किती पातळ केलं तरी बसतात, किती महिन्यांनी बसेनासे होतात, म्हणजे अंगाची ओळख किती टिकते, ते हळूहळू कळतं. हळूहळू म्हणजे किती? ससे असते तर दोन वर्षांत झालं असतं. एका हातावर सोळा वर्षं झाली.

चार विद्यार्थी म्हणाले, "सर, आमचेही हात घ्या." अण्णांना पेच पडला. माणूस हाही जीवच. चंपाक्काला कार्ड टाकलं. तिचं उत्तर आलं: 'पोरांना विचारून घे. सशाला विचारता येत न्हाय.' ते कार्ड अण्णांनी प्रयोगशाळेत भिंतीला लावलं. चेष्टा करणाऱ्यांना आयतंच झालं. कॉलेजात त्यांचं नाव 'सोवळे प्रोफेसर' पडलं. हाताखाली शिकलेले पुढं साहेब झाले. अण्णांकडं नव्या पोरांचे तास तेवढे राहिले, आणि कोपऱ्यातली एक खोली. त्या खोलीला खिडकी होती, पण टेबल अण्णांनी भिंतीकडं तोंड करून लावलं होतं.

दर मे महिन्यात निपाणीला आलं, की उंबऱ्यातच चंपाक्का विचारायची, "निघालं का रं?"

"न्हाय, आक्का."

"बरं. पाणी घे."

असे सोळा उन्हाळे.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात ते आले तेव्हा उंबऱ्यात कुणी नव्हतं. चंपाक्का आत अंथरुणावर होती. अडुसष्ट वर्षांची, हात काटकीसारखे. आजार असा नाही, पण उठवत नव्हतं. भाऊ शेजारी बसला तशी म्हणाली, "निघालं का रं?"

आता तिला काय कळणार होतं? 'निघालं' म्हटलं असतं तर हसतमुखानं डोळे मिटले असते तिनं.

"न्हाय, आक्का. माझ्या हयातीत निघंल असंबी दिसत न्हाय."

मग तिचा हात चाचपडत आला आणि भावाच्या डाव्या दंडावरनं फिरला. एका खुणेवरनं दुसऱ्या खुणेवर. "म्हंजे मी तुला कोंडून घातलं."

"मी नियम घेतला, आक्का."

"मी घ्याय लावला. करवल्यालं." ती किंचित हसली. "उपाध्यांना बोलीव. प्रायश्चित्त काय असंल ते माझ्यावर. तुझी नोकरी दोन वरसं राहिली न्हवं? जा, सुटलास. सशाकडं जा."

सोळा वर्षांनी दार उघडलं होतं. अण्णांनी डोळ्यांसमोर पांढरा ससा आणून बघितला. कान धरून बघितला. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं.

"नगं आक्का. जुलैत नवी पोरं येणार. त्यांना सोळा वरसांचा तक्ता दावायचा हाय मला, एका हाताचा. ह्या वक्ताला मधीच ससा घुसला तर तक्ता बिघडतोय."

हे खरंच तक्त्यासाठी होतं, का त्या वखारीतल्या बाईसारखी कोंडण्याची सवय झाली होती, हे त्यांचं त्यांना सांगता आलं नसतं. म्हणून पुढं ते बोललेच नाहीत.

"येडा हाईस," चंपाक्का म्हणाली. "पाणी दे."

अण्णांनी दुहेरी फडकं लावून पाणी गाळलं, तिला बसतं केलं, आणि ती पेला तोंडाला लावत असताना सवयीनं तिच्या गळ्याकडं बघितलं. घोट उतरला. दुसरा उतरला. तिसरा घ्यायच्या आधी तिनं पेला बाजूला केला.

"जिवाणी सोडून ये जा. मग बस."

फडक्याला लागलेले जीव तांब्यात उतरवून अण्णा आडावर आले. ऊन चढलं होतं, आडावर कुणी नव्हतं. दोरी त्यांनी डाव्या हातात धरली आणि तांब्या खाली सोडला. उन्हाळ्यातलं पाणी खोल गेलेलं, दोरी संपत आली तरी लागेना. शेवटी कठड्यावर पोट टेकून, हात जेवढा जाईल तेवढा आत घालून ते ओणवे झाले.

घरातनं बारीक आवाज आला, "टेकवलास का रं? वरनं वतला न्हाईस न्हवं?"

तांब्या पाण्याला टेकल्याचा हलका धक्का बोटांना कळला, तेव्हा कुठं अण्णांनी तांब्या कलता केला.

"टेकवला, आक्का," ते ओरडून म्हणाले.